शिक्कामोर्तब

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला सगळं काही येतं, असा एक समज नातेवाइकांत पसरलेला असतो. लग्नाच्या हॉलचं बिल तपासायचं असो, विम्याच्या कागदावरची मुंगीएवढी अक्षरं वाचायची असोत, की चुलतसासऱ्यांच्या मृत्युपत्रातला ‘सदरहू इसम’ नेमका कोण हे ठरवायचं असो, बोलावणं आम्हालाच. वास्तविक मी साधा बी.कॉम. माणूस. कॉलेजात मला तीन वर्षांत शिकवलं ते एवढंच, की डावीकडची बेरीज आणि उजवीकडची बेरीज सारखी आली पाहिजे, आणि येत नसेल तर ‘सस्पेन्स अकाउंट’ नावाचं एक दयाळू खातं असतं. एवढ्या भांडवलावर मी आजवर नोकरी आणि संसार दोन्ही निभावले. पण गेल्या साली (आमच्याकडे ‘गेल्या साली’ म्हणजे परवापासून दहा वर्षांपर्यंत काहीही, इथं २०२४ समजावं) मला जे काम सांगण्यात आलं, त्याला सस्पेन्स अकाउंटसुद्धा पुरलं नाही.

त्याचं असं झालं. नोव्हेंबरातला रविवार होता. ‘जरा पाठ टेकतो’ या सदराखाली मी दुपारचा गाढ झोपलो होतो. तेवढ्यात मेहुण्याचा फोन. मेहुणा वेल्ह्याला असतो. म्हणजे तो आहे तिथंच आहे, तालुक्याचं नाव मात्र ‘राजगड’ करायचं त्याच वर्षी ठरलं. त्यानं त्याआधी तांदळाच्या पिशव्या छापून घेतल्या होत्या, त्यांवर ‘ता. वेल्हे’ असं ठसठशीत होतं. त्यामुळं पत्ता सांगताना तो हल्ली ‘तालुका वेल्हे, म्हणजे राजगड, म्हणजे गड नव्हे, तालुका’ असा तीन मुक्कामांनी सांगतो.

“दाजी, आमची पत्रं पोचत नाहीयेत.”

“मग पोस्टात तक्रार कर की!”

“पोस्टाची नव्हे हो, ई-मेलची. सगळी स्पॅमात पडतायत. तुम्ही बँकेतले, तुम्हाला त्यातलं कळतं.”

पाहिलंत? परत तेच.

मेहुण्याचा तांदळाचा व्यवहार आहे. घरचं चार एकर भात, शिवाय आसपासच्या पाचसात घरांचं घेऊन तो सगळा इंद्रायणी पुण्यामुंबईच्या गिऱ्हाइकांना थेट पोचवतो. इंद्रायणी म्हणजे आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या केंद्रात जन्मलेलं वाण. आईकडून वास घेतला आणि बापाकडून उत्पन्न, असं लेकरू माणसांत क्वचित जन्मतं. २०२० च्या टाळेबंदीत पुण्याची सोसायटीवाली मंडळी दाराशी तांदूळ मिळतो म्हणून त्याच्या नादी लागली ती लागलीच. पुढं त्यानं स्वतःचं डोमेन घेतलं, म्हणजे इंटरनेटवर स्वतःच्या नावाची पाटी लावली, आणि दर सुगीनंतर सगळ्या गिऱ्हाइकांना एक पत्र जायला लागलं: ‘नवा तांदूळ आला आहे.’ आदल्या वर्षी त्या पत्रावर पहिल्या आठवड्यात दीडशेच्या आसपास ऑर्डरी आल्या होत्या. यंदा सहा. त्यातली एक आमच्या हिची, म्हणजे पैसे न येणारी.

इकडं खोलीत चाळीस क्विंटल तांदूळ पडून, आणि तांदळाला पोरकिड्यांचं वावडं नाही. त्यातही मला टोचणारी गोष्ट वेगळीच होती. शेजाऱ्यांना भाताचे पैसे रोख द्यायचे म्हणून मेहुण्यानं वहिनींच्या पाटल्या सोनेतारणाला ठेवल्या होत्या, आणि ठेवल्या होत्या कुठं, तर आमच्याच शाखेत. तो फॉर्म मीच भरला होता. ‘कर्जाचा हेतू’ या रकान्यात ‘व्यवसाय’ असं मी माझ्या अक्षरात लिहिलं होतं. वहिनी तेव्हा काही बोलल्या नव्हत्या. नुसता मोकळा हात पदराखाली घेऊन बसल्या होत्या.

तेव्हा ‘बघतो’ म्हणालो.

बँकेत ‘बघतो’ म्हटलं की काम संपतं. इथं ते सुरू झालं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी आमच्या शाखेतल्या एका नव्या पोराला गाठलं. हा इंजिनिअर होऊन बँकेत आलेला. मी डबा उघडेपर्यंत त्यानं निदान सांगितलं. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गुगल आणि याहू या दोन मोठ्या टपालवाल्यांनी नियम कडक केलेत. दिवसाला पाच हजारांवर पत्रं धाडणाऱ्याकडे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क असे तिन्ही दाखले हवेत. त्याहून कमी धाडणाऱ्यालाही पहिल्या दोनांतला एक तरी लागतोच.

संध्याकाळी घरी येऊन मी ही नावं हिला ऐकवली. संकटाचं वजन कळावं एवढाच हेतू.

“एसपीएफ होय!” ही म्हणाली, “ते उन्हात जाताना लावायच्या क्रीमवर असतं ते. त्याला पन्नासवालं घ्यायला सांगा. तीसवालं टिकत नाही.”

आणि रात्री मेहुण्याला फोनवर ‘डीमार्क’ सांगितलं, तर तो एकदम खूश झाला. “डीमार्टला माल द्यायचा म्हणताय? पण दाजी, तेवढा तांदूळ आपल्याला पुरवता यायचा नाही!”

अशा पथकाला घेऊन मला ही लढाई लढायची होती.

आता थोडं मूळ दुखणं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. ई-मेल ही गोष्ट निघाली भल्या माणसांच्या जमान्यात. १९७१ साली रे टॉमलिन्सन नावाच्या अमेरिकन माणसानं एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पहिलं पत्र धाडलं. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी टपालाचे जे नियम लिहून काढले, त्यांत पत्र कुणाकडून आलं हे लिहायला जागा होती, पण ते खरं आहे का हे बघणारं कुणी नव्हतं. तेव्हा सगळे एकमेकांना ओळखणारे. वाड्यातल्या वाड्यात वाटी घेऊन साखर मागायला जाणारे. पुढं वाड्याचं शहर झालं, पण दाराला कडी लावायची राहिली. तुम्ही भोरच्या पोस्टात जाऊन आंतर्देशीय पत्राच्या मागं ‘प्रेषक: राष्ट्रपती भवन’ असं लिहिलंत, तर पोस्टमास्तर काही विचारणार नाहीत. ते तिकीट बघतील. ई-मेलला तर तिकीटही नाही.

आम्ही बँकवाले या बाबतीत पहिल्यापासून संशयी. सही बघितल्याशिवाय बापालाही पैसे द्यायचे नाहीत हे आमचं ब्रीद. त्यातही आता सही पुरत नाही म्हणून २०२१ च्या जानेवारीपासून ‘पॉझिटिव्ह पे’ आलंय: पन्नास हजार आणि त्यावरचा चेक दिला, तर कुणाला, किती आणि कोणत्या तारखेचा, हे आधीच बँकेला कळवून ठेवायची सोय. परवा एक गृहस्थ काउंटरवर रागावले, “माझा चेक, माझे पैसे, आणि मीच परत सांगायचं की हा मीच दिलाय?” मी ‘हो’ म्हटलं. मेहुण्याच्या पत्रांचं दुखणं हेच होतं. पत्र त्याचं, नाव त्याचं, गिऱ्हाईक त्याचं. पण ही पत्रं त्याच्या वतीनं दुसऱ्याच एका कंपनीच्या यंत्रातून निघत होती, आणि ‘हे यंत्र माझंच माणूस समजा’ असं त्यानं कुठंही लिहून ठेवलं नव्हतं. अनोळखी इसम आमच्या काउंटरवर येऊन ‘मी त्यांच्यातर्फे आलोय’ म्हणाला, तर मी तरी त्याला बाकावरच बसवीन. स्पॅम म्हणजे तो बाक.

पुढच्या शनिवारी (दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी) मी निघालो. भोरहून वेल्ह्याला जायचं म्हणजे आधी कापूरहोळला हमरस्त्याला लागायचं, मग नसरापूरवरून आत वळून मार्गासनी, विंझर करत तोरण्याच्या पायथ्याशी. रस्त्यात दोन्ही बाजूंना भाताची खाचरं कापून मोकळी झालेली, आणि डोळ्यांसमोर तोरणा. गड चांगला चौदाशे मीटर उंच, पण मोबाइलची रेंज त्याच्या पायथ्याशी यायला लाजते. मेहुण्याच्या घरात रेंज फक्त माळ्याच्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर येते. तिथं लॅपटॉप मांडीवर घेऊन मी बसलो. माझ्या वरच्या पायरीवर मेहुण्याची मुलगी. ही यंदा दहावीला. खालच्या पायरीवर मेहुणा, आणि तळाशी वहिनी सूप घेऊन तांदूळ पाखडत. मंत्रिमंडळाच्या बैठकीचा फोटो काढावा तसं दृश्य.

पहिलं काम एसपीएफ. आपल्या नावानं पत्र धाडायची परवानगी कोणकोणत्या यंत्रांना आहे याची ही यादी. ती आपल्या डोमेनच्या नोंदवहीत एका ओळीत लिहून ठेवायची. ही नोंदवही जगाला उघडी. पत्र घेणारा ती उघडून बघतो आणि यादीत नाव असलं तर आत घेतो. माझ्या भाषेत खातं चालवण्याचा ठराव. हे मला इतकं चटकन समजलं की मी गर्वानं फुगलो, आणि पत्रं धाडणाऱ्या कंपनीनं दिलेली ओळ नोंदवहीत नवीन नोंद म्हणून घालून मोकळा झालो. वहिनींनी चहा दिला. मी म्हणालो, “झालं! यात काय विशेष?”

दुसऱ्या दिवशी उरलीसुरली पत्रंही पोचायची बंद झाली.

झालं होतं असं, की नोंदवहीत एसपीएफची एक ओळ आधीपासून होती. मेहुण्याच्या रोजच्या पत्रव्यवहाराचं खातं ज्या कंपनीकडे, तिची. एका डोमेनला एसपीएफची ओळ एकच असते. दोन सापडल्या की घेणारा दोन्ही रद्द धरतो. आता हे मला, निदान मला तरी, सुचायला हवं होतं. आमच्याकडे एका सोसायटीचे असेच दोन ठराव आले होते. एकात सही चेअरमनची, दुसऱ्यात सेक्रेटरीची, आणि दोन्हींच्या शेवटी ‘याव्यतिरिक्त अन्य कोणाचीही चालणार नाही’. आम्ही दोन्ही बाजूला ठेवून खातंच गोठवलं होतं. ते करताना मला केवढा आनंद झाला होता! तोच न्याय आता माझ्या मेहुण्याला मिळाला. दोन ओळींची एक ओळ करून, दोन्ही कंपन्यांची नावं तिच्यात घालून ते निस्तरलं. नोंदवहीतला बदल जगभर रुजायला वेळ लागतो. कुठं तासाभरात होतं, कुठं दोन दिवसही जातात. मेहुणा शांत होता. म्हणाला, “दाजी, रोप लावल्यावर रोज उपटून बघायचं नसतं.”

दुसरा दाखला डीकेआयएम. इथं मात्र माझी बँकेतली अक्कल संपली. कल्पना अशी: आपल्याकडे दोन किल्ल्या. एक गुपित, ती पत्र धाडणाऱ्या यंत्रात राहते आणि निघणाऱ्या प्रत्येक पत्रावर एक खूण उमटवते. दुसरी किल्ली त्याच उघड्या नोंदवहीत टांगायची. पत्र घेणारा ती घेऊन खूण ताडून बघतो. जुळली, तर पत्र आपल्याच नावानिशी निघालंय आणि वाटेत त्यातलं अक्षरही बदललेलं नाही. म्हणजे नमुना सही चव्हाट्यावर लटकवायची, कुणीही बघावी, आणि तरी कुणाला तिची नक्कल करता येऊ नये! आम्ही नमुना सह्यांची कार्डं कुलपात ठेवण्यात हयात घालवलेली माणसं. हे ऐकल्यावर माझा दोन दिवस कशावरच विश्वास बसेना.

ती उघडी किल्ली म्हणजे जवळजवळ चारशे अक्षरांची एक सलग ओळ. तिला ना अर्थ, ना विराम. मेहुण्यानं ती व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःलाच पाठवून, तिथून उचलून चिकटवली होती, आणि ती जुळत नव्हती. मी म्हटलं, ताळा घेऊ. बँकेत आम्ही करायचो तसा, एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं टिक करायची. मेहुणा वाचायला बसला. “मोठा एम, मोठा आय, परत मोठा आय, मोठा बी...” इंग्रजीतला मोठा ‘आय’, छोटा ‘एल’ आणि आकडा एक ही तिळी भावंडं आहेत, आणि शून्य नि ‘ओ’ ही जुळी, हे ज्या माणसानं ठरवलं त्याला एकदा असली किल्ली वाचायला बसवायला हवं. दीडशे अक्षरांपर्यंत आलो की कुणीतरी शिंकायचं, की पुन्हा ‘मोठा एम’. वहिनींचं तांदूळ पाखडणं त्या तालावर आलं होतं.

शेवटी वरच्या पायरीवरून आवाज आला, “मामा, आपली किल्ली तुटलीय.”

“कशावरून?”

“त्यांनी दाखवलेल्या नमुन्याच्या शेवटी जी सहा अक्षरं आहेत ती आपल्यात नाहीतच. मैत्रिणीच्या बाबांच्या दुकानाचीही बघितली मी. तिच्यातही शेवटी तीच सहा आहेत.”

होतं खरं तसं. बाकीची अक्षरं प्रत्येकाची निराळी, पण या जातीच्या बहुतेक किल्ल्यांची शेपटी सारखीच असते. आमची चिकटवताना शेपटाकडून कापली गेली होती. पोरीनं मूळ ओळ परत नीट उचलून घातली. मी तोवर एकशे बेचाळीस अक्षरांपर्यंत टिक केलेली होती. तो कागद मी घडी घालून खिशात ठेवला. टाकवेना.

सोमवारी बँकेत जाताना राजवाड्यासमोरून गेलो. रोजच जातो. हा भोरचा वाडा सिनेमावाल्यांना ठाऊक, पण त्या दिवशी मला तो निराळा दिसला. इथले राजे पंतसचिव. १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत त्यांचा किताब तोच होता. आता सचिव म्हणजे कोण? शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांतला एक, फारसीत सुरनीस. त्याचं काम राज्याचे कागद तपासायचे. पत्रात अक्षर कमीजास्त झालं असेल तर ते शुद्ध करायचं आणि आपली खूण करून पुढं सोडायचं. राजाराम महाराजांच्या काळात हे पद शंकराजी नारायणांकडे आलं आणि त्याच घराण्याचं पुढं भोर संस्थान झालं. म्हणजे आमच्या गावानं पत्रं तपासण्याच्या नोकरीवर राज्य मिळवलंय! मी वीसबावीस वर्षं सह्या तपासतोय, मला अजून क्वार्टरही मिळालेली नाही, हे सोडा.

आणि त्या पत्रांची रीत बघा. माथ्यावर शिक्का. मग मजकूर. मजकूर जिथं संपला तिथं शेवटी एक लहानसा ठसा, तो मोर्तब. त्यावरच्या संस्कृत अक्षरांचा आशय एवढाच, की इथं मर्यादा झाली. म्हणजे पत्र कुणाचं ते शिक्क्यानं कळणार, आणि पत्र कुठं संपलं ते मोर्तबानं. वाटेत एखाद्यानं खाली ‘ता. क. सोबतच्या इसमास पाचशे होन अधिक द्यावेत’ असं जोडलं तर ते मोर्तबाखाली येणार, आणि घेणारा ओळखणार. त्या इंजिनिअर पोराला मी हे सांगितलं तेव्हा तो डबा खायचा थांबला आणि म्हणाला, “सर, हे तर डीकेआयएमच!” मी म्हटलं, “बाळा, डीकेआयएम तर हे आहे.” ज्या राजगडावरून असे शिक्क्याचे कागद सुटायचे, तो मेहुण्याच्या तालुक्यात. आणि ते तपासणाऱ्याचं पद ज्यांनी मिरवलं, ती गादी माझ्या गावात. दोघांना मिळून तांदळाचं एक पत्र पुण्यापर्यंत पोचवता येत नव्हतं.

राहिला डीमार्क. पहिल्या दोन तपासण्यांत पत्र नापास झालं, किंवा पास झालं पण भलत्याच नावावर झालं, तर त्याचं काय करायचं, ही घेणाऱ्याला दिलेली कायमची सूचना. पर्याय तीन: नुसतं बघा, बाजूला ठेवा, परत लावा. शिवाय रोज काय काय झालं याचा अहवाल आम्हाला पाठवा, असंही त्यात सांगता येतं. पोरगी म्हणाली, थोडे दिवस ‘नुसतं बघा’वर ठेवून मग ‘बाजूला ठेवा’ करू. हेच बरोबर असतं. एकदम कडक केलं तर यादीत घालायची राहिलेली आपलीच पत्रं मारली जातात. मी ‘नुसतं बघा’ लावलं. अहवाल माझ्या पत्त्यावर मागवले. आणि मग बँकेतला माणूस जे करतो ते केलं. नुसतं बघितलंसुद्धा नाही.

अहवाल येत होते. रोज एक, कधी तीन. आवळून बांधलेल्या फायली, आत कंसांचं जंगल. मी एक उघडून बघितला, हिला दाखवला. ही म्हणाली, “यात तांदूळ किती खपला ते कुठं लिहिलंय?” ते नव्हतं. मग मी त्यांच्यासाठी एक वेगळा कप्पा केला, ‘नंतर बघणे’. आमच्या शाखेतही असं एक कपाट आहे.

इकडं पत्रं पोचायला लागली होती. डिसेंबरात ऑर्डरी सुरू झाल्या. मी सासुरवाडीत टेबलाच्या मुख्य बाजूला बसून जेवू लागलो. आणि जानेवारीत मेहुण्याला पुण्याहून एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. जुने गिऱ्हाईक. एकदा तोरण्याला आले असता मेहुण्याच्या घरी जेवूनही गेलेले. म्हणाले, “पैसे भरून पंधरा दिवस झाले, तांदूळ आला नाही.” मेहुण्यानं पासबुक बघितलं. पैसे आलेलेच नव्हते. त्यांना पत्र आलं होतं, मेहुण्याच्या नावानं, मेहुण्याच्याच पत्त्यावरून: ‘आमचे खाते बदलले आहे, यापुढे रक्कम खालील खात्यावर भरावी.’ गुरुजींनी तीस किलोचे चोवीसशे रुपये भरले होते. १९३० वर फोन झाला, तक्रार झाली, पण पंधरा दिवसांत पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असे निघून गेलेले.

गिऱ्हाइकांचे पत्ते चोराला कुठून मिळाले? मेहुण्याकडूनच. पहिल्या वर्षी त्यानं सगळे पत्ते एका पत्राच्या माथ्यावर, सगळ्यांना दिसतील असे घातले होते. “आमंत्रणपत्रिकेवर नावं नसतात का?” असं त्याचं म्हणणं.

त्या रात्री मी ‘नंतर बघणे’ कप्पा उघडला. पोरीला फोनवर घेतलं आणि एकेक अहवाल वाचून घेतला. आपल्या दोन यंत्रांच्या ओळी पास, पास, पास. आणि मधूनच एक तिसरं यंत्र. आपलं नाही, यादीत नाही, खूण नाही. दोन्ही तपासण्यांत नापास. पत्रं सतरा. दुसऱ्या दिवशी बावीस. हे डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून चाललेलं होतं. घेणाऱ्यांनी रोज इमानानं कळवलं होतं की साहेब, तुमच्या नावानं कुणीतरी लिहितंय, आणि तुमची सूचना ‘नुसतं बघा’ अशी असल्यामुळं आम्ही बघितलं. गुरुजींना पत्र आलं त्या तारखेचा अहवालही होता. मी उघडलेला नव्हता.

पोरगी काही बोलली नाही. मी म्हणालो, “लावू या आता.” तिनं तिथल्या तिथं ‘बाजूला ठेवा’ केलं, आणि पुढं महिनाभर आपलं एकही पत्र अडकत नाही असं बघून ‘परत लावा’. त्या महिन्यात मी अहवाल रोज वाचले, बँक उघडायच्या आधी. तिसरं यंत्र आणखी काही दिवस धडका मारत होतं, मग गेलं. कुठं गेलं कोण जाणे. एखादं अक्षर गाळून आपल्यासारखंच दिसणारं नवं नाव घेऊन बसलं, तर त्याला हा डीमार्क काही करू शकत नाही, हेही त्या इंजिनिअर पोरानं सांगून माझं जेवण कडू केलं. बँकांना आता या धास्तीपायी आपापल्या पाट्या बदलाव्या लागल्या आहेत. २०२५ साली रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव आळीत ३१ ऑक्टोबरपर्यंत राहायला जायला सांगितलं. तिथं बँकेशिवाय कुणाला घर मिळत नाही. तांदूळवाल्यांची अशी आळी अजून निघालेली नाही.

गुरुजींना मेहुण्यानं तीस किलो तांदूळ स्वखर्चानं पाठवला. निम्मे पैसे मी दिले. हे आमच्या हिला माहीत नाही. हा लेख ती वाचणार नाही या हिशेबावर लिहितोय.

एक काम मात्र अर्धंच राहिलं. तिन्ही दाखले झाले तरी काही पत्रं बाकावर बसतच होती. कारण तपासलं, तर मेहुण्याच्या यादीतले अठराशे पत्ते! त्यातले हजारभर तोरणा चढायला आलेल्या पोरांचे. पिठलं-भाकरी खाऊन अभिप्रायाच्या वहीत त्यांनी आपला पत्ता लिहिला, तो यानं यादीत घातला. ती पोरं पत्र दिसलं की ‘स्पॅम’ म्हणून बटण दाबत. दर हजारी तीन लोकांनी असं दाबलं की गुगलचे नियम तुमच्याकडे डोळे वटारतात. मी म्हटलं, यांची नावं काढ, आणि ज्याला नको त्याला एका टिचकीत बाहेर पडता येईल असं बटण ठेव.

मेहुणा भडकला. “आपल्या हातानं नाव कापायचं? दाजी, तुमच्या लग्नात याद्या मी केल्या होत्या. आपल्याकडे यादीत नाव चढतं, उतरत नाही. आत्याच्या नणंदेच्या दिरानं पंचवीस वर्षांत तोंड दाखवलं नाही, पण पत्रिका जाते!”

“आणि तो येत नाही.”

“पण पत्रिका गेली नाही तर रागावतो की!”

यावर मला उत्तर सुचलं नाही. शेवटी वहिनी खालून म्हणाल्या, “खडे काढल्याशिवाय तांदूळ पिशवीत भरतो का आपण?” आणि सूप आपटलं. साडेसहाशे नावं राहिली. वहिनींच्या पाटल्या मार्चअखेरीला सुटल्या. पावती मीच फाडली आणि रकान्याबाहेर अक्षर गेलं.

गुरुजींचं तेवढं सांगायचं राहिलं. पुढच्या सुगीनंतर त्यांना पत्र गेलं, ते थेट समोर पोचलं, सगळ्या खुणांनिशी. त्यावर त्यांनी फोन केला. मी त्या दिवशी वेल्ह्यातच होतो, चौथ्या पायरीवर. गुरुजी म्हणाले, “पत्र मिळालं. पण पैसे भरण्यापूर्वी एक प्रश्न विचारतो. मी तुमच्याकडे जेवलो होतो, त्या दिवशी काय होतं?”

मेहुणा गडबडला. फोनवर हात ठेवून वहिनींकडे बघितलं. वहिनींनी सूप खाली ठेवलं, पदर तोंडाला लावला, आणि हळूच काहीतरी सांगितलं.

“पिठलं होतं गुरुजी,” मेहुणा म्हणाला, “आणि, माफ करा, खारट झालं होतं.”

पलीकडून जरा वेळ काही आवाज आला नाही.

“बरोबर,” गुरुजी म्हणाले. “चाळीस किलो पाठवा.”